आडव्या माणसाचं ताट

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "बाई, वर्सातनं किती येळा सर्दी व्हती तुमाला?"

लोणावळ्यात खोली शोधताना तोवर मी चार घरं पालथी घातली होती. एकाने नवरा कुठे असतो ते विचारलं, एकाने जेवण कोणतं करता ते, आणि एका बाईंनी तर घरी पाहुणे किती येतात, त्यांत पुरुष किती, अशी चौकशी केली. सर्दीचं कुणी काढलं नव्हतं. मी शाळेत शिकवणारी, प्रश्नाला प्रश्न विचारायची माझी खोड. म्हटलं, "का हो? भाडं सर्दीवर ठरतं का तुमच्याकडे?"

"भाडं न्हाई. सनाचं जेवान ठरतं," ते म्हणाले आणि शर्टाच्या खिशातून कागद-पेन काढून माझ्या उत्तराची वाट बघत उभे राहिले. त्या खिशात दोन पेनं होती आणि त्यांच्या जोडीला एक थर्मामीटर. मी म्हटलं, दोनदा होते, पावसाळ्यात आणि परीक्षेच्या पेपर तपासणीत. त्यांनी ते लिहून घेतलं. मग घसा, पोट, कावीळ होऊन गेली का, दूध पचतं का, असं सगळं विचारून झाल्यावर म्हणाले, "वरची खोली कोरडी हाय. ऱ्हावा."

मी राहिले. तीन वर्षं राहिले. पुढे बदली होऊन कऱ्हाडला आले, तरी आजही कुणी सणाचा बेत सांगायला लागलं की माझ्या तोंडून निघून जातं, "आणि कुणी आडवं पडलं तर?" माणसं दचकतात. सणावारी हे काय अभद्र, असं त्यांच्या तोंडावर दिसतं. त्यांना चाचा माहीत नाहीत, त्याला ती तरी काय करणार.

अख्खी गल्ली त्यांना चाचा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. मूळचे जवळच्याच भाजे गावचे. बाजारातल्या एका डॉक्टरांकडे त्यांनी उभी हयात कंपाउंडरकी केली. डॉक्टर गेले, दवाखान्याच्या जागी चिक्कीचं दुकान आलं, पण चाचांच्या हातातली कंपाउंडरकी काही गेली नाही. बडीशेप द्यायची तरी कागदाची पुडी बांधून देत, आणि ती पुडी अशी बांधलेली असे की उघडायचं जिवावर यावं. त्यांच्या स्वयंपाकघरात डब्यांऐवजी काचेच्या बरण्या. प्रत्येक बरणीला पूर्वीच्या औषधाच्या बाटलीला असायची तशी कागदाची पट्टी चिकटवलेली, कात्रीने खाचा पाडलेली, एक खाच म्हणजे एक डोस. शीरखुर्म्याच्या बरणीवरची पट्टी मी वाचली आहे: "साखरवाल्यांनी एक खाच. दाबवाल्यांनी दोन. बाकीच्यांनी लाजू नये."

आता शीरखुर्म्याचं निघालंच आहे तर सांगते. या माणसाने सणाच्या जेवणाचं एक शास्त्र बसवलं होतं. स्वयंपाकघरातल्या खिळ्याला तीन चिठ्ठ्या कायमच्या टांगलेल्या असत: लाल, पिवळी, पांढरी, आणि प्रत्येकीवर बेत आणि कुणासाठी काय करायचं ते लिहिलेलं. घरातली सगळी माणसं धडधाकट असली तर लाल. एक जण आडवा पडला तर पिवळी. दोन किंवा जास्त पडले तर पांढरी. ईदेच्या दिवशी सकाळी मटण हळद, आलं-लसूण आणि मीठ घालून नुसतं अळणी शिजवायचं. आमच्याकडेही लेकरांना आणि आजाऱ्यांना तो बिनतिखटाचा पांढरा रस्सा आधी काढून ठेवतात, तोच. तिथवर तिन्ही चिठ्ठ्या सारख्या. तिथे आल्यावर चाचा शेगडी बंद करत आणि कुणी कितीही भुकेलं असलं तरी पातेल्याला हात लावू देत नसत.

मग दहा वाजता राउंड. राउंड म्हणजे घरातल्या प्रत्येकाची जीभ बघायची, आणि चिंचवडला मुलाला फोन. मुलगा रफिक तिथे कारखान्यात, बायको आणि दोन मुलं घेऊन राहणारा. चाचा त्याला ईद मुबारक म्हणायच्या आधी विचारत, "ताप किती समद्यांना?" सगळं कानावर आल्यावर चिठ्ठी ठरे. लाल निघाली तर फोडणी, वाटण, पुलाव, सगळा थाट. पिवळी निघाली तर निम्मं पातेलं अळणीच ठेवून निम्म्याला फोडणी, आणि आडव्या माणसाच्या खोलीत त्याचं ताट सगळ्यांच्या आधी. पांढरी निघाली तर सगळ्यांनाच मऊ भात आणि अळणी रस्सा, तळलेला सुका मेवा आणि भाजलेल्या शेवया झाकण घट्ट लावून पुन्हा बरणीत, आणि दावत पुढच्या दिवसावर. "फोडनी पडली की माघार न्हाई, आन दूध वतलं की माघार न्हाई," ते मला समजावत. "म्हनून ही दोन कामं शेवटाला. तवर जेवान आपल्या हातात ऱ्हातं."

ईदेच्या दुसऱ्या दिवसाला त्यांच्यात बासी ईद म्हणतात. चाचांकडे बासी ईद पार आठवडाभर शिळी होत जाई. शेवटचा आजारी माणूस उठून बसेपर्यंत ईद संपत नसे. गल्लीतले म्हणत, "चाचाची रमजान ईद जाऊन बकरी ईदेला मिळते." चाचा शांतपणे म्हणत, "मिळू द्या, दोगी भनीच हायेत."

मला आधी हा विक्षिप्तपणा वाटला, आणि तो होताच. पहिल्या वर्षी मी त्यांच्याशी चांगला वाद घातला. म्हटलं, "चाचा, सणाला एक तारीख असते. माणसं रजा काढून येतात. उद्या तुमचं बघून सगळे असं करू लागले तर शाळेला सुट्टी कधी द्यायची?"

"नमाज अल्लाची, तिला तारीख हाय," ते म्हणाले. "ती कंदी चुकवली न्हाई. जेवान मानसांचं. त्येला सवड पायजे."

मी तरीही दोन दिवस धुसफुसत होते, कारण त्या ईदेला नातवाला ताप आला होता, चाचींना, म्हणजे चाचांच्या बायकोला, त्याच दिवशी धाप लागली होती आणि मी सकाळपासून उपाशी राहून पुलावाची वाट बघत बसले होते. मिळाला मऊ भात. माझ्या पंक्तीला रफिकचे कारखान्यातले साहेब होते, खास जेवायला बोलावलेले. त्या साहेबांनी नवा कोरा कुर्ता घालून, मांडी घालून, लिंबाच्या लोणच्याशी मऊ भात खाल्ला. रफिकचं तोंड बघवत नव्हतं. चाचा मात्र त्यांना आग्रहाने वाढत होते आणि पोटाला हलकं कसं बरं ते सांगत होते.

दाराशी एक पाटी होती, तिच्याबद्दल सांगायचं राहिलं. "अत्तर लावून आत येऊ नये." आता ईदेला मुसलमानाच्या दारात असली पाटी म्हणजे दिवाळीला कुणी उटणं लावू नये म्हणण्यापैकी. ज्यांनी लावलेलं असे त्यांना चाचा व्हरांड्यात बाकावर अर्धा तास वाऱ्याला बसवत. त्यांचे सख्खे साडूसुद्धा त्यातून सुटले नाहीत. बाकावर ओळीने बसलेले ते सुगंधी पाहुणे पाहिले की मला शाळेतल्या गृहपाठ न केलेल्या मुलांची आठवण येई.

पाटी होती चाचींसाठी. चाचींना दमा. अत्तर, उदबत्ती, मिरचीचा ठसका, काहीही त्यांना बाधे, म्हणून त्या घरात फोडणी परसातल्या दूरच्या कोपऱ्यातल्या शेगडीवर पडे आणि चाची तेवढा वेळ पुढच्या खोलीत दार लावून बसत. अंगाने काडीसारख्या, पण डोळे मोठे मिस्कील. नवऱ्याच्या चिठ्ठ्यांबद्दल त्या एकदा मला म्हणाल्या, "डाक्टर गेलं, त्येंचं पेशंट दुसऱ्या दवाखान्यात गेलं. ह्येंच्याकडं मी एकटीच उरले. म्हनून इतकी बडदास्त."

खरं कारण त्यांनी मला नंतर सांगितलं. ईद आठवड्यावर आली होती, आम्ही दोघी पिस्ते सोलत बसलो होतो, आणि चाचा दूधवाल्याला आपलं शास्त्र समजावायला गेले होते.

लग्नाला दहाएक वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. ईदेला घर भरलेलं, पातेली उतरलेली, आणि सकाळीच चाचींना जोराची धाप लागली. त्यांना मागच्या खोलीत निजवलं. दार लोटलं. बाहेर पंगत बसली. "समदी हळू बोलायची," चाची म्हणाल्या. "कुनीतरी म्हनायचं, गप, ती आजारी हाय. चमच्यांचा आवाज यायचा, मानसांचा न्हाई. कुनी दुसऱ्यांदा मागून घेतलं न्हाई. पटापट जेवली आन गेली. मी आत पडून मोजत व्हते, किती लोकांचा सन माज्यामुळं बुडाला."

पुढच्या ईदेला त्यांनी चाचांना सांगितलं की मला बहिणीकडे भाज्याला जावंसं वाटतंय. त्याच्या पुढच्या ईदेलाही सांगितलं. तिसऱ्या वर्षी चाचांच्या ध्यानात आलं की आपली बायको सणाच्या वाटेतून बाजूला होतेय. ते भाज्याला गेले, तिथे शेताच्या बांधावर बसून त्यांनी विचारलं, आणि चाचींनी कधी नाही ते खरं सांगितलं.

"मग काय म्हणाले?" मी विचारलं.

"काय न्हाई. घरी आनलं आन खिळा ठोकला. म्हनले, आजार बी एक पाव्हनाच. बोलवायचा न्हाई, पन त्येचं ताट धरायचं."

तेव्हापासून त्या घरात एकच गोष्ट पणाला लागलेली असे. बाहेर पंगत बसली आणि आत कुणी एकटं पडून ऐकत राहिलं, असं पुन्हा व्हायचं नाही. बाकी सगळं, तारीख, पुलाव, रफिकचे साहेब, त्याच्यापुढे बिनमहत्त्वाचं होतं. हे कळल्यावर माझा वाद घालायचा उत्साह पुष्कळ कमी झाला, अगदीच गेला असं मात्र म्हणणार नाही.

आणि मग माझीच पाळी आली. दुसऱ्या वर्षी दिवाळीची सुट्टी लागली त्याच दिवशी मला कावीळ निघाली. कऱ्हाडला आईने फराळ करून ठेवलेला, भाऊ-वहिनी यायचे, आणि मी इथे पिवळे डोळे घेऊन छताकडे बघत पडले. घरी फोन करून म्हटलं, माझं धरू नका, तुम्ही करून घ्या. बोलताना आवाज चांगला ठेवला आणि फोन ठेवल्यावर भरपूर रडले. थोड्या वेळाने दाराबाहेर कुणीतरी मुद्दाम खोकलं. उघडलं तर उंबऱ्याशी झाकलेलं पातेलं, त्यात मुगाचं कढण, आणि झाकणावर चिठ्ठी. चिठ्ठी नवी नव्हती. मी राहायला आले त्या महिन्यात लिहिलेली होती. "वरच्या बाई. आडव्या पडल्यास: मुगाचं कढण, उसाचा रस घरी काढलेला, तेल बंद. दार वाजवू नये, झोपल्या असतील. ठेवून खोकावं." खाली त्याच शाईत, "सण असल्यास पुढे ढकलावा. आईला कळवावं."

त्यांनी खरंच कळवलं. माझ्या आईला फोन करून, कधी न पाहिलेल्या बाईला, सांगितलं की लेक बरी होईपर्यंत चकल्या कुणाला खाऊ देऊ नका. माझी आई कडक शिस्तीची, पण तिने ऐकलं. माझी दिवाळी त्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर झाली आणि भाऊ-वहिनी पुन्हा आले. आयुष्यात इतकं लाडावल्यासारखं मला परत कधी वाटलं नाही.

चाचांचा राग एकाच गोष्टीवर होता, आजार लपवण्यावर. रफिकने एकदा मुलीची सर्दी लपवून तिला लोकलने आणलं, बाप सण पुढे ढकलेल या भीतीने. मुलगी दारातच शिंकली. चाचांनी चौघांनाही परत चिंचवडला पाठवलं आणि मागोमाग त्यांचं जेवण घेऊन पुढच्या लोकलने स्वतः गेले. दारात डबा ठेवून, खोकून परत आले. "खरं सांगनाऱ्याला सजा न्हाई," ते म्हणत. "लपवनाऱ्याला माफी न्हाई."

आता माझ्या तिथल्या शेवटच्या ईदेचं सांगते.

चाचांची मुलगी नसीम मस्कतला. चार वर्षांनी येणार होती, नवऱ्याची आणि तिची रजा मोजकी, आणि परतीचं विमान ईदेच्या दुसऱ्याच दिवशी. म्हणजे या खेपेला बासी ईद नाही. ताणायला जागाच नाही. चाचांनी महिनाभर आधीपासून घराला जपायला सुरुवात केली. चाचींना रुमाल बांधल्याशिवाय बाजारात जाऊ देईनात. चिंचवडच्या नातवंडांना बर्फाचा गोळा बंद. मला वर्गातल्या खोकणाऱ्या मुलांपासून लांब बसायचं फर्मान. पन्नास मुलांच्या वर्गात लांब म्हणजे कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही.

आणि नवल असं की ईदेच्या सकाळी सगळे ठणठणीत. चाचा ईदगाहवरून आले, चाची पुलावाचे तांदूळ निवडत छान गप्पा मारत होत्या, रफिकची मंडळी आली, नसीम स्वयंपाकघरात इकडून तिकडे नाचत होती. दहाच्या राउंडला चाचांनी एकेकाची जीभ बघितली आणि खिळ्यावरची लाल चिठ्ठी काढली. ती लाल चिठ्ठी मी तीन वर्षं नुसती लोंबताना बघितली होती. रफिक म्हणाला, "अब्बा, ही निघते पण का? मला वाटलं शोभेची आहे." सगळे हसले. चाचाही हसले, पण दारात उभे राहून, तोंडाला रुमाल लावून.

चाची हसता हसता थांबल्या. त्यांनी मला हळूच पुढच्या खोलीत बोलावलं. "बाई, रोज सकाळी दम्याचा पंप माज्या हातात देत्यात. दोन दम मोजून घ्यायला लावत्यात. आज खिडकीत ठेवला आन लांबनं म्हनले, घे." मला त्याचा अर्थ लागला नाही. त्या म्हणाल्या, "त्येंच्या खिशातला थर्मामीटर आना. तुमालाच ताप वाटतोय म्हनावं."

मी गेले आणि कपाळाला हात लावून खोटं बोलले. चाचांनी घाबरून तत्काळ थर्मामीटर काढून दिला. तोवर चाची माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. तो माझ्या हातातून घेऊन त्यांनी नवऱ्यासमोर धरला. "तोंड उघडा."

एकशे दोन ताप होता. माफी नसलेला गुन्हा करताना खुद्द न्यायाधीशच सापडले होते. हसावं की ओरडावं कुणाला कळेना. चाचा मात्र उलट रागावले. "माज्या नावाची चिठ्ठी हाय का? न्हाई. म्हंजी माजं धरायचं न्हाई. लाल काडलीय तर लालच. नसीमचं इमान उद्या हाय. फोडनी टाका, दूध वता, जेवा. मी आत पडतो." आणि मागच्या खोलीत जाऊन त्यांनी आतून कडी घातली.

खरंच होतं ते. मी तिन्ही चिठ्ठ्या उलटून पालटून बघितल्या. चाची होत्या, मुलं होती, नातवंडं होती, साडू होते, मी होते. इतकंच काय, दूधवाला आडवा पडला तर दूध कुणाकडून आणायचं तेही होतं. चाचा कुठेच नव्हते.

नसीम रडायला लागली. रफिकने तिला समजावलं, "आता काय करणार. अब्बा ऐकणार आहेत का? आपण लवकर जेवून घेऊ. जरा हळू आवाजात, म्हणजे त्यांना झोप लागेल."

"हळू आवाजात?" चाची म्हणाल्या.

त्या मोठ्याने बोलल्या नव्हत्या, त्यांना तेवढा दमच नसे. चाचींनी लाल चिठ्ठी पालथी करून माझ्यापुढे धरली. "लिवा, बाई. तुमचं अक्षर चांगलं हाय." मी पेन उघडलं. "लिवा, ह्ये आडवे पडल्यास." आणि एखादी बाई भाजी सांगते तितक्या सहज त्या सांगत गेल्या. फोडणी पडायची, पण निम्म्या पातेल्याला. निम्मं अळणी. तांदूळ वाटीभर बाजूला, मऊ शिजवायला. शीरखुर्मा आजच, नसीमसाठी. जाजम परसात, मागच्या खोलीच्या खिडकीखाली. सगळ्यांनी तिथे बसायचं आणि नेहमीपेक्षा मोठ्याने बोलायचं.

परसात फणसाची सावली होती. दोन जाजमं अंथरली. कोपऱ्यात रफिकने फोडणी टाकली तेव्हा चाची पुढच्या खोलीत जाऊन बसल्या, आणि धूर विरल्यावर येऊन बरोबर खिडकीसमोर, पण चार हात लांब बसल्या. नसीमने खिडकीवर टकटक केली. आतून झडप उघडली आणि गजांमागे चाचांचा चेहरा दिसला, ब्लँकेट गुंडाळलेला, चांगलाच वैतागलेला.

"ह्ये काय लावलंय? आत बसा. पोरी, तुजी बॅग भरायची असंल."

"बॅग भरली," नसीम म्हणाली आणि गजांतून त्यांना मऊ भाताची वाटी दिली. ताट गजांतून जात नव्हतं. मग अळणी रश्श्याची वाटी, मग चमचा. त्यांनी सगळं खिडकीत मांडून ठेवलं आणि हात लावला नाही.

"माज्यामुळं समदी भाईर बसलाय," ते म्हणाले.

चाचींनी हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "मी आडवी पडले तवा सन थांबला. नातू आडवा पडला तवा थांबला. ह्या बाई भाडेकरू, त्येंची दिवाळी तुमी थांबवली. तुमच्यासाठी कुनी थांबायचं न्हाई, तर मग तुमी ह्या घरात कोन? माजा नवरा, का नुसतं कंपाउंडर?"

चाचांनी चष्मा काढून ब्लँकेटच्या टोकाने पुसला. मी ताटातल्या लिंबाच्या फोडीकडे बघत राहिले. सगळ्यांची पानं वाढून झाली होती. पुलावातून वाफ निघत होती. पण चाची हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, म्हणून नसीम बसली होती, रफिक बसला होता, आणि धाकट्या नातवाने मटणाची बोटी उचलायला पुढे केलेला हात त्याच्या आईने धरून ठेवला होता.

चाचांनी आमच्याकडे बघितलं. मग पानांकडे बघितलं. "जेवा की," ते म्हणाले. "गार व्हतंय."

कुणी हललं नाही.

"आगं, पुलाव गार झाल्यावर त्येची काय चव ऱ्हाती?"

"व्हऊ दे गार," चाची म्हणाल्या.

मग चाचांनी चमचा उचलला, मऊ भातात घातला आणि घास खाल्ला. त्यांचा घास गिळून होईपर्यंत चाचींनी त्यांच्यावरची नजर काढली नाही. मग त्यांनी स्वतःच्या ताटाला हात लावला, आणि आम्ही सगळे मोठमोठ्याने बोलत जेवायला लागलो.